फैफाच्या डोंगरावर मी हार उतरवला, त्याची हकिकत

प्रवासाला प्रवृत्त होण्याची कारणे थोरांच्या बाबतीत उदात्त असतात. कोणाला हिमशिखरे बोलावतात, कोणाला अथांग सागर. मला एका वृद्ध गृहस्थाच्या छातीने बोलावले, आणि तेही जुनाट खोकल्यासह.

सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य टोकाला, तांबड्या समुद्राच्या काठी जिझान नावाचे बंदर आहे. तेथील एका रुग्णालयात मी क्ष-किरण तंत्रज्ञ होतो. पदनाम किरकोळ, परंतु अधिकार जवळजवळ दैवी: कोणाच्याही अंतरंगात राजरोस डोकावावे आणि त्याबद्दल वेतन घ्यावे. अरबी भाषेवरील माझे प्रभुत्व मात्र तीन आज्ञांपुरते सीमित होते. 'खुद नफस', म्हणजे श्वास घ्या. 'इम्सिक', म्हणजे धरून ठेवा. 'खलास', म्हणजे सोडा, संपले. या त्रिपदीवर माझा योगक्षेम चालला होता.

काळ आखाती युद्धाचा. उत्तरेकडे विमाने रोज उडत होती आणि जमिनीवरची लढाई केव्हाही जुंपेल असे रेडिओ सांगत होता. क्षेपणास्त्रे एवढ्या दक्षिणेला पोहोचणार नाहीत, असे आम्ही सर्व जण एकमेकांना खात्रीपूर्वक सांगत असू, आणि सांगताना खिडकीकडे पाहत असू. आमच्या खिडक्यांच्या काचांवर माझ्या धर्मपत्नीने, म्हणजे सुमनने, जखमेवर लावायच्या चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या होत्या. त्यामुळे घर सदैव नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासारखे दिसे. शिवाय आमची चिंता दुहेरी होती. पूर्वेच्या डोंगरापलीकडे येमेन, आणि येमेनशी संबंध बिघडलेले. बाजारातील येमेनी दुकानदार काही महिन्यांपूर्वीच गाशा गुंडाळून सीमेपार गेले होते. नाक्यानाक्यांवर सैनिक उभे होते, आणि परदेशी माणसाने कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणे म्हणजे स्वहस्ते स्वतःच्या हद्दपारीचा अर्ज भरणे होते.

आणि माझ्याजवळ कॅमेरा होता. तो एक जपानी, काळा, देखणा पाश होता.

छातीचा मजकूर असा. फैफाच्या डोंगरावरून यह्या नावाचे एक वृद्ध आले. अंगावर आखूड लुंगी, कमरेला रुंद पट्ट्यात वाकडा खंजीर आणि मस्तकावर, मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, फुलांचा हार. झेंडू, मोगरा, सब्जा आणि मध्ये केवड्याची पात. डोंगरातील पुरुष असा हार डोक्यावर गोल बसवतात. हे मी ऐकून होतो, पण इतक्या जवळून पाहिले नव्हते. छातीचे चित्र काढताना त्यांनी हार उतरवला नाही. छाती खाली असल्याने मीही हरकत घेतली नाही.

चित्र काढून झाल्यावर ते उठेनात. दुभाष्या म्हणून मी आमच्या रुग्णालयाच्या भांडाराचे रक्षक हसनभाई यांना पाचारण केले. हसनभाई मूळचे रत्नागिरीकडचे, इकडे अर्धे आयुष्य काढलेले. अरबी अस्खलित, मराठी त्याहून अस्खलित.

"भाऊ, म्हातारा म्हणतो, आतला फोटो काढलाव, आता भायेरचा काढा."

"बाहेरचा कशाला?"

हसनभाईंनी विचारले आणि उत्तर मला सांगता सांगता त्यांचा स्वर खाली आला. यह्याचाचांचा मुलगा अली सैन्यात होता, उत्तरेच्या आघाडीवर. गावातील मूसा नावाचा दुसरा सैनिक रजेवर आला होता आणि शनिवारी सकाळी परत जाणार होता. त्याच्याबरोबर अलीला एक छायाचित्र पाठवायचे होते.

"मग येथेच काढू की," मी म्हणालो.

यह्याचाचांनी मान हलवली. छायाचित्र घराच्या उंबऱ्यावरच हवे, आणि डोक्यावर त्या सकाळी अलीच्या आईने गुंफलेला हार हवा. अलीच्या आईचे छायाचित्र काढता येणार नव्हते. त्यांच्याकडे ते चालत नाही. आई दिसायची ती तिच्या हाराच्या गाठीतून. ती हाराचे टोक एका विशिष्ट पद्धतीने, सब्जाची काडी आत दुमडून बांधते. अख्ख्या डोंगरावर तशी गाठ दुसरी कोणी बांधत नाही. लढाई सुरू होण्यापूर्वी मुलाने ती गाठ पाहावी, एवढेच मागणे होते.

मी वास्तविक मुत्सद्दी स्वभावाचा मनुष्य आहे. परंतु 'विचार करून सांगतो' हे वाक्य अरबीत मला येत नव्हते.

घरी सुमन म्हणाली, "अहो, उभ्या गावाचे फोटो पगार घेऊन काढता, तेवढ्यानं भागत नाही का? सीमेवर कॅमेरा घेऊन जाणार म्हणे! उद्या तुम्हाला धरून नेलं तर मी कोणाला फोन करू?"

"मी सांस्कृतिक कार्यासाठी जात आहे," मी गंभीरपणे म्हणालो.

"तुरुंगात सांस्कृतिक विभाग वेगळा असतो का?" तिने विचारले. मग बराच वेळ ती खिडकीवरची सुटलेली पट्टी दाबत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "सूर्य बुडायच्या आत घरी. आणि त्या आईला सांगा, मी विचारलंय म्हणून."

प्रस्थान

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पहाटेच आम्ही तिघे हसनभाईंच्या पिकअपमधून निघालो. तिसरे सद्गृहस्थ म्हणजे आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर शॉन. ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अशा एका खेड्यातले, जेथे लोक आजही घरी इंग्रजी न बोलता आपली जुनी केल्टिक भाषा बोलतात. छायाचित्रणात ते माझे गुरू. त्यांचा स्वतःचा कॅमेरा जिझानच्या खाऱ्या दमट हवेने निकामी केला होता, म्हणून त्यांनी केवळ एक छायाचित्रांचा संग्रह काखोटीला मारला होता.

"हे कशासाठी?" मी विचारले.

"आपण त्यांच्या घरात डोकावणार," शॉन म्हणाले. "तेव्हा आधी आपले घर उघडून दाखवावे. मी माझ्या गावातही असेच करतो."

"आणि आज माझी जबाबदारी?"

"तुझी जबाबदारी घाबरणे. ती तू उत्तम पार पाडतोस."

येथे होतकरू प्रवाशांसाठी थोडे उपयुक्त. जिझानहून फैफाला जाताना आरंभी सपाट प्रदेश लागतो: ज्वारीची शेते, काटेरी बाभळी, मधूनच रस्ता ओलांडणारे उंट, ज्यांना वाहनांविषयी तिळमात्र आदर नाही. पेट्रोल त्या काळी इतके स्वस्त की पाण्याची बाटली घेताना अधिक विचार करावा लागे. न्याहारी पायथ्याच्या बाजारात करावी. भट्टीतून निघालेली थाळीएवढी तमीस रोटी आणि शिजवून घोटलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचे 'फूल', म्हणजे वालासारख्या कडधान्याची उसळ, तिघांनी पोटभर खावी तरी खिशाला कळत नाही. मात्र त्या दिवशी बाजाराच्या अर्ध्या फळ्या बंद होत्या. एका बंद दारावर अजून पिवळ्या रंगात छायाचित्रकाराचा फलक होता. येमेनी होता, गेला, असे रोटीवाल्याने सांगितले. म्हणजे यह्याचाचांना माझ्यासारख्या अस्थिचित्रकाराच्या पायऱ्या का झिजवाव्या लागल्या, ते मला उमगले.

पहिल्या नाक्यावर एका पेंगुळलेल्या शिपायाने आमचे इकामे, म्हणजे निवासाचे परवाने, पाहिले आणि हात हलवून जाऊ दिले. कॅमेरा माझ्या पायांमध्ये पिशवीत, भाजीखाली होता. भाजी म्हणजे सुमनने अलीच्या आईसाठी दिलेल्या भेंड्या. त्या भेंड्यांना मी प्रथमच इतक्या आदराने पाय लावला.

मग चढ लागला. वळणांमागून वळणे, प्रत्येक वळणावर हसनभाईंचे "या अल्ला" आणि माझे मनातल्या मनात रामरक्षास्तोत्र. वर ढग, खाली ढग, मध्ये आम्ही. डोंगरभर दगडी बांधांच्या पायऱ्या, त्यांवर कॉफीची झाडे आणि ज्वारी, आणि कड्यांच्या टोकांवर गोल दगडी घरे, मनोऱ्यांसारखी उंच. समोरच्या निळ्या रांगेकडे बोट दाखवून हसनभाई म्हणाले, "ता येमेन." मी तत्काळ दुसरीकडे पाहू लागलो. पाहणे हाही गुन्हा ठरेल अशी मला भीती वाटत होती.

उंबऱ्यावर

यह्याचाचा दारातच उभे होते. आतून कोणीतरी एक परात सरकवली. तिच्यात अलीच्या आईने गुंफलेले तीन हार. चाचांनी प्रथम हसनभाईंच्या, मग शॉनच्या आणि मग माझ्या मस्तकावर हार चढवला. मोगरा आणि सब्जाच्या वासाने क्षणभर मला सर्व सैन्यांचा विसर पडला.

आणि त्या विस्मृतीतच मी सवयीने घात केला. मी दोन्ही हात जोडले, मान लववली, विनम्र स्मित केले आणि हार उतरवून परातीत ठेवला.

वाचकहो, आपल्याकडे याहून सुसंस्कृत कृती नाही. सत्कारमूर्तीने गळ्यात पडलेला हार त्याच क्षणी काढून मेजावर ठेवावा. जो ठेवत नाही, तो हपापलेला. शाळेच्या बक्षीस समारंभापासून हे संस्कार माझ्यावर झालेले. माझ्या हातांनी ते माझ्या संमतीवाचून पार पाडले.

यह्याचाचांचा चेहरा बंद झाला. दुसरा शब्द मला सुचत नाही. दाराआडची पैंजणांसारखी किणकिण थांबली.

"भाऊ, काय केलाव हे!" हसनभाई कुजबुजले.

"सभ्यपणा केला."

"हितं उंबऱ्यावर हार उतरला, म्हंजे तुमचा आसरा नको, असा अर्थ व्हतो. पाव्हण्यानं हार आपल्या घरी पोचूनच उतरायचा. तंवर तो त्यांच्या घरचा."

चाचांनी शांतपणे काहीतरी सांगितले. हसनभाईंनी मान खाली घालून भाषांतर केले: "म्हंजे, कॉफी प्या आणि जा. फोटो नको म्हणतात. जो घरचा नाय, त्याच्यासमोर म्हातारी हार गुंफायची नाय, आणि ते उभे ऱ्हायचे नायत."

एवढी भीती पोटात घेऊन डोंगर चढलो, आणि एक म्हातारी आई आपल्या मुलाला दिसायची ती माझ्या सत्कारप्रियतेमुळे दिसणार नव्हती! मी तोंड उघडले. परंतु माझ्या अरबीच्या कोशात क्षमेला शब्दच नव्हता. 'श्वास घ्या' म्हणावे की काय, असा विचार मनात येऊन गेला.

तेवढ्यात शॉन खाली बसले आणि त्यांनी आपला संग्रह जमिनीवर उघडला.

पहिल्याच चित्रात लग्नघराच्या दारात पाच-सहा माणसे उभी होती, आणि त्यांच्या डोक्यांवर हातभर उंच, गवताच्या काड्यांचे विणलेले शंकू. चेहरे झाकलेले. शॉनच्या गावी लग्नात असे गवतटोपीवाले न सांगता येतात, नवरीबरोबर नाचतात आणि चेहरा न दाखवताच निघून जातात. ते आले तर घराला बरकत. "त्यांतला एक माझा बाप आहे," शॉन म्हणाले. "कोणता ते आईला टोपीच्या विणीवरून कळायचे. कोणाला सांगायची नाही मात्र."

हसनभाईंनी हे अरबीत सांगितले. यह्याचाचा वाकले. त्यांनी बोटाने गवताची वीण चाचपली, जणू कागदावरची काडी हाताला लागेल.

"यांच्याकडेसुद्धा गवत डोक्यावर घालतात," ते आत वळून मोठ्याने म्हणाले. "आणि बायका विणीवरून माणूस ओळखतात!"

दाराआडून एका बाईचा आवाज आला, पाठोपाठ हसू. हसनभाईंना जोर चढला.

"आता तुमचा सांगा, भाऊ. तुमच्याकडं असा का करतात, ते करून दाखवा."

मग फैफाच्या डोंगरावर, ढगांच्या साक्षीने, मी सत्कारसमारंभाचा नाट्यप्रयोग सादर केला. अध्यक्ष झालो, सत्कारमूर्ती झालो, हार काढून ठेवणारा विनयी विद्वान झालो आणि हार गळ्यात ठेवून जेवणाच्या पंगतीपर्यंत पोहोचणारा नगरसेवकही झालो. हसनभाईंनी भाषांतरात पदरची भर पुष्कळ घातली असावी. कारण नगरसेवक तर यह्याचाचांना इतका आवडला की ते खोकेपर्यंत हसले, आणि मला त्यांच्या छातीची काळजी वाटली.

आतून आवाज आला. हसनभाई म्हणाले, "त्या म्हणतात, ज्या मुलखात हार घालून लगेच काढतात, तिथं बायका कशाला राबतात? परत घाला त्यांना. आणि ह्या वेळी घरी पोचेपर्यंत उतरलाव तर मी पाहून घेईन."

यह्याचाचांनी हार पुन्हा माझ्या डोक्यावर बसवला. या वेळी दोन्ही हातांनी दाबून.

छायाचित्रे उत्तम झाली. उंबऱ्यावर चाचा, खंजिरावर हात, मागे घराची रंगीत रेघांची भिंत, आणि मस्तकावर ताजा हार. शेवटी त्यांनी पाठ वळवली, म्हणजे गाठ दिसावी. दाराआडून सूचना चालूच होत्या.

"त्या काय म्हणतात?"

"म्हणतात, मला नको काढू, माझी गाठ काढ. नीट, जवळून. पोरगा डोळ्यांनी अधू नाय, पण घाबरलेला असेल."

मी कॅमेऱ्याच्या भिंगातून ती गाठ पाहत होतो. मला नीट दिसेना. भिंग स्वच्छ होते.

भोजनाला ज्वारीची जाड भाकरी, तूप, डोंगरी मध आणि दगडी भांड्यात मंद शिजवलेले मटण. ज्वारीची भाकरी पाहून मला गहिवर आला, हे मी पांडित्याचा त्याग करून सांगतो. मोबदला विचारण्याचा प्रमाद मी केला नाही. दिवसभरासाठी एक प्रमाद पुरेसा होता. भेंड्या आत गेल्या, आणि 'सुमनला मुलं किती' हा प्रश्न बाहेर आला.

उतार

उतरताना वाहन खालच्या गिअरमध्ये ठेवावे, ब्रेकवर विसंबू नये. आम्ही तसेच केले. दुर्दैवाने नाक्याला गिअर नसतो.

सकाळचा पेंगुळलेला शिपाई गेला होता. त्याच्या जागी नव्या तुकडीचे जागे सैनिक आणि एक तरुण अधिकारी होता. त्याने खिडकीतून आत पाहिले. एक आयरिश, एक कोकणी, एक घाटावरचा. तिघांच्याही डोक्यांवर फुले. त्याने डोळे मिटून पुन्हा उघडले.

"उतरा."

पिशवीत आता भेंड्या नव्हत्या. कॅमेरा थेट हाती लागला.

"कशाचे फोटो काढलेत?" हसनभाईंनी सांगितले. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. "याला बोलू दे."

माझी बुद्धी त्या क्षणी पूर्ण स्वच्छ, म्हणजे रिकामी झाली. ओठांवर जे होते तेच बाहेर पडले. मी अत्यंत अदबीने त्याला म्हणालो, "खुद नफस. इम्सिक."

श्वास घ्या. धरून ठेवा.

एका सैनिकाने खरोखरच छाती फुगवली. अधिकारी हसला नाही. हसनभाईंनी घाईघाईने इकाम्यावरील माझा हुद्दा दाखवला, आणि अलीचे नाव, त्याची तुकडी सांगितली. अधिकाऱ्याचा आवाज किंचित उतरला, पण नियम तो नियम. या पट्ट्यात छायाचित्रणास बंदी होती. त्याने कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि फिल्म ओढून काढली. ती दुपारच्या उन्हात फितीसारखी लांबत गेली. यह्याचाचा, उंबरा, खंजीर, भिंत आणि गाठ, सर्व उजेडात विरघळले. खिशातील दुसरी फिल्म मी स्वतःच काढून दिली. तिचेही तेच झाले.

हारांकडे त्याने बराच वेळ पाहिले. माझ्या हारातून बोटे फिरवून आत काही दडवलेले नाही याची खात्री केली. मग तो काढून न घेता पुन्हा सरळ बसवला.

"खलास," तो कॅमेरा परत देत म्हणाला. "यल्ला." म्हणजे निघा.

सुटलो! अर्धा रस्ता मी केवळ सुटकेनेच श्वास घेत होतो. उरलेला अर्धा मला त्या म्हातारीचे वाक्य आठवत राहिले. उद्या सकाळी मूसा रुग्णालयाच्या दाराशी येणार होता. माझ्याजवळ त्याला द्यायला काही नव्हते.

घरी

सूर्य बुडायला थोडा अवकाश असताना मी दार वाजवले. सुमनने दार उघडले, माझ्या मस्तकाकडे पाहिले आणि भिंतीला टेकली.

"मी इथं जीव मुठीत धरून बसलेय, आणि हे बाशिंग बांधून आले!"

मी खुर्चीत बसून सर्व सांगितले. हार अजून डोक्यावरच होता. उतरवण्याचे बळही उरले नव्हते. तिने तो हलक्या हाताने काढला आणि दिव्याखाली धरला.

"गाठ बघितलीत? आपण गजरा असा नाही बांधत. काडी आत घेतलीय, म्हणजे दोरा घसरणार नाही." तिने ती नखाने उलगडून न पाहण्याचा संयम दाखवला. "हाच द्या ना पाठवून."

"उत्तरेला पोहोचेपर्यंत पाचोळा होईल. पाचोळ्यात गाठ कोणाला दिसणार?"

"मग याचाच फोटो काढा."

"दोन्ही फिल्म गेल्या. नवी आणून, फोटो काढून शहरातल्या दुकानात धुवायला नेईपर्यंत ते बंद होईल. मूसा सकाळी निघणार."

सुमन माझ्याकडे पाहत राहिली. मंदबुद्धी विद्यार्थ्याकडे शिक्षिका पाहते तशी.

"अहो, तुमच्या त्या यंत्रातली फिल्म कोण धुतं?"

आजतागायत माझ्या व्यवसायातील सर्वोत्तम सूचना मला माझ्या स्वयंपाकघरातून मिळाली आहे, हे मी येथे नमूद करतो.

दिवेलागणीलाच मी रुग्णालयात गेलो. हसनभाईंनी भांडार उघडून सर्वांत बारीक कणांची फिल्म दिली. नवजात अर्भकाच्या हाताचे चित्र काढावे एवढी क्षीण शक्ती मी यंत्राला लावली. हार मेजावर ठेवला, गाठ मध्यभागी. सवयीने माझ्या तोंडून निघाले, "इम्सिक." हसनभाईंनीही श्वास धरला.

काळोख्या खोलीत, लाल दिव्याखाली, द्रावणातून ते चित्र हळूहळू वर आले. मी हजारो हाडे पाहिली होती. असे काही पाहिले नव्हते. मोगऱ्याच्या प्रत्येक कळीच्या पोटात पाकळ्या एकीवर एक मिटलेल्या. झेंडू म्हणजे धुराची चक्रे. सब्जाच्या पानांच्या शिरा. आणि मध्ये ती गाठ, आरपार: काडी कोठून आत शिरली, दोरा कोठे वळला, बोटाने कोठे दाबले, सर्व. बाहेरून काढलेल्या छायाचित्रात यातले अर्धेही दिसले नसते.

"ह्यात तर म्हातारीची बोटां दिसतात, भाऊ," हसनभाई म्हणाले, आणि चष्मा काढून बाजूला ठेवला.

मी दुसरे एक चित्र काढून ठेवले. स्वतःसाठी.

सकाळी मूसाने मोठा पिवळा लिफाफा हातात घेतला, आतली फिल्म उजेडाकडे धरून पाहिली आणि काळजीने विचारले, "हा कोणाचा आजार?"

"आजार नाही," हसनभाईंनी सांगितले. "अलीची आई आहे. वाकवू नको."

नंतरचे आठवडे मी रेडिओजवळ काढले. जमिनीवरची लढाई सुरू झाली आणि अपेक्षेहून लवकर संपली. ज्या दिवशी युद्ध थांबल्याची बातमी आली, त्या दिवशी सुमनने खिडक्यांवरच्या पट्ट्या ओढून काढल्या. त्यांचा चिकटा मात्र आम्ही ते घर सोडेपर्यंत गेला नाही. मला अलीची बातमी कळेना. डोंगराकडे जाण्याचे धैर्य होईना. यह्याचाचांना मी काय सांगणार होतो की त्यांचे छायाचित्र उन्हात वाहून गेले?

मग एके सकाळी ते स्वतः आले, खोकल्याच्या पुनर्तपासणीसाठी. बरोबर एक उंच, काळवंडलेला तरुण. त्याच्या हातात तोच लिफाफा, कडा झिजलेल्या, आत वाळूचे ओरखडे. अलीने ते चित्र लष्करी गाडीच्या काचेला आतून लावले होते. सकाळी सूर्य त्यामागून उगवला की सगळा हार पेटल्यासारखा दिसे. सोबती विचारत, हे कोणाचे फुप्फुस? तो सांगे, घरचे.

मी हसनभाईंमार्फत चाचांची क्षमा मागितली. तुमचे छायाचित्र हरवले, म्हणालो.

"माझी छाती तर तू आधीच काढलीस," ते म्हणाले, आणि शर्टाच्या गुंड्या सोडू लागले.

काय उरले

आता फैफाला जाणे सोपे आहे. पर्यटनाचा व्हिसा मिळतो, रस्ता रुंद झाला आहे, डोंगरावर राहण्याची घरे मिळतात आणि हार घातलेले पुरुष पर्यटकांसाठी उभे राहतात. जरूर जा. सकाळी ढग उतरण्यापूर्वी पोहोचा. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारा, आणि आपले एखादे चित्र दाखवायला न्या.

मी मिरजेत स्थायिक झालो. वय विचारू नये. मध्यमवयाच्या उत्तरार्धात आहे आणि तेथेच मुक्काम करण्याचा निर्धार आहे. ते दुसरे चित्र पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर लावलेले आहे. पाहुण्यांना प्रथम कोणाच्या तरी आजाराची शंका येते. सुमन गजऱ्याला अजूनही तीच गाठ बांधते, काडी आत दुमडून.

निवृत्तीच्या दिवशी येथील रुग्णालयाने माझा सत्कार केला. अध्यक्षांनी भलामोठा हार माझ्या गळ्यात घातला, टाळ्या झाल्या, आणि सर्व जण मी तो काढून मेजावर ठेवण्याची वाट पाहू लागले. मी हात जोडले, मान लववली आणि हार तसाच ठेवून भाषणाला उभा राहिलो. अध्यक्ष खाकरले. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "काढा आता, सर." पहिल्या रांगेत सुमन पदराने तोंड दाबून हसत होती. भाषण झाले, चहा झाला, छायाचित्रे झाली, रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिले. लोक काय म्हणत असतील ते मला माहीत होते. नगरसेवकाची भूमिका मी पूर्वी केलेली आहे.

हार मी घरी पोहोचल्यावर उतरवला.